बॅटरीवर गाडी किती वेळ चालेल ?

मोटार चालवितांना समोर बॅटरीचा तांबडा दिवा लागला, तर गाडी पुढें किती वेळ चालेल, हा आजचा विषय आहे. केवळ विजेवर धावणाऱ्या गाड्या येथें अभिप्रेत नाहींत. पेट्रोलच्या गाडींतील बारा व्होल्टांच्या बॅटरीपुरतेंच हें विवेचन आहे.

शाळेंत आपण हौद आणि नळ यांचीं गणितें सोडविलीं आहेत. बॅटरी हा हौद. इंजिन फिरूं लागलें कीं पट्ट्यानें फिरणारा आल्टरनेटर वीज उत्पन्न करतो. ठिणगी, इंधनाचा पंप, दिवे यांस पुरवून उरलेली वीज तो हौदांत भरतो. तांबडा दिवा लागला म्हणजे भरणारा नळ बंद पडला आणि रिकामे करणारे नळ उघडेच राहिले, असें बहुधा समजावें.

आतां हिशेब पाहूं. लहान गाडीची बॅटरी ४५ अँपिअर-तासांची धरूं. म्हणजे एक अँपिअरचा प्रवाह तिला ४५ तास पुरवितां यावा. नुसतें इंजिन चालू ठेवण्यास १५ अँपिअर लागतात असें मानिलें, तर उत्तर येतें तीन तास. कागदावर तें बरोबर आहे, रस्त्यावर नाहीं. बॅटरी जुनी असते, पूर्ण भरलेली नसते. शिवाय हौद आटण्यापूर्वींच विजेचा दाब उतरून इंजिन बंद पडतें. म्हणून दिवसा तासाभराहून अधिक भरंवसा धरूं नये. रात्रीं ५५ वॅटचे समोरचे दोन दिवेच नऊ-दहा अँपिअर ओढतात. त्यांत पावसाळी वायपर आणि पंखा मिळविला, तर अर्धा तासही पुष्कळ म्हणावा लागेल.

अशा वेळीं वातानुकूलन, पंखा आणि रेडिओ प्रथम बंद करावा, मग रेडिओवर मीच बोलत असलों तरी ! रात्रीं समोरचे दिवे मात्र मालवूं नयेत. सुरक्षित स्थळीं पोहोंचेपर्यंत इंजिनही बंद करूं नये. तें पुन्हा सुरू करण्याइतका जोर बॅटरींत बहुधा उरत नाहीं. याला एक अपवाद आहे. पुष्कळ गाड्यांत तोच पट्टा इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप फिरवितो. इंजिन तापल्याची खूण दिसली, तर बाजूला घेऊन तत्काळ थांबावें.

पुढें बोरघाट असेल, तर चढूं नये, पायथ्याशींच थांबावें. वळणावर दिवे विझून उभी राहिलेली गाडी आंतील मुलाबाळांना आणि मागून येणाऱ्या दोघांनाही घातक होते. हातीं उरलेला वेळ जवळचें गॅरेज गांठण्यापुरता आहे, एवढें ध्यानीं ठेवावें.