गणवेश आणि गौरव



प्रजासत्ताकदिनी ध्वजवंदनासाठी निवृत्त सैनिकाला बोलावण्याची प्रथा अनेक शाळांत आहे. तो व्यासपीठाकडे निघाला, की सारे सभागृह उठून उभे राहते. त्याने कोठे आणि काय केले, हे कोणी विचारीत नाही. सैनिकी सेवेला असा आदर आपोआप मिळावा काय, हा प्रश्नही काहींना कृतघ्नपणाचा वाटतो. परंतु त्याच सभागृहात खडकवासल्याच्या प्रबोधिनीची स्वप्ने पाहणारी मुलेमुली बसलेली असतात. वंदन नेमके कशाला होते, हे त्यांना तरी कळायला हवे.

13 एप्रिल 1919 रोजी जालियनवाला बागेत डायरच्या हुकुमावरून 50 शिपायांनी 1650 फैरी झाडल्या. सरकारी आकड्यानुसारच 379 माणसे मेली. ते शिपाई इंग्रजांच्या हिंदी फौजेतले होते. त्यांनी शिस्त मोडली नव्हती. सेवा म्हणावी, तर तीही सेवाच!

अकरा वर्षांनी, 23 एप्रिल 1930 रोजी, पेशावरच्या किस्साखानी बाजारात तसाच प्रसंग आला. समोर निःशस्त्र पठाणांचा जमाव, आणि त्याच्यासमोर रॉयल गढवाल रायफल्सची तुकडी. ही पलटण काही भित्र्यांची नव्हे. पहिल्या महायुद्धात तिच्यातील दरवानसिंग नेगी आणि गबरसिंग नेगी यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता. चंद्रसिंग भंडारी हेही त्याच युद्धात फ्रान्सच्या खंदकांतून लढून आलेले. गोळीबाराचा हुकूम सुटताच त्यांनी आपल्या जवानांना थांबवले. जवानांनी बंदुका चालवल्या नाहीत. इतर फौजेच्या गोळ्यांनी त्या दिवशी अनेक बळी घेतले, ते गढवाल्यांना टाळता आले नाही. कोर्टमार्शलपुढे बॅरिस्टर मुकुंदीलाल यांनी त्यांचा बचाव केला. चंद्रसिंगांना जन्मठेप झाली.

येथवर उत्तर सोपे वाटते. पण गांधीजींना ते सोपे वाटले नाही. एका फ्रेंच पत्रकाराशी बोलताना त्यांनी या अवज्ञेला पाठिंबा नाकारला. सैनिकाने घेतलेली शपथ त्याला बांधते. आज त्याला हुकूम मोडायला शिकवले, तर उद्या स्वराज्यातही तो मोडील, असा त्यांचा आशय होता. हे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. ज्या देशात सैनिक मर्जीप्रमाणे आज्ञा पाळतात, तेथे लोकशाही फार काळ टिकत नाही. तरीही निःशस्त्र माणसांवर गोळी झाडण्याची आज्ञा ही इतर आज्ञांसारखीच एक आज्ञा, असे मानणे कठीण आहे. शपथ घेताना सैनिक आपला जीव देऊ करतो, विवेक नव्हे.

स्वतंत्र भारताने परमवीरचक्र देताना पलटणीचे नाव पुरेसे मानले नाही. कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांना ते मिळाले, ते एप्रिल 1948 मध्ये नौशेरा–राजौरी मार्गावर शत्रूच्या माऱ्यात, स्वतः जखमी असताना, सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून दिल्याबद्दल. मानपत्रात कृती लिहावी लागते. जो सैनिक सियाचेनच्या थंडीत नुसता उभा राहतो, त्याच्याही उभे राहण्याला कृतीच म्हणावे लागेल.

चंद्रसिंगांना मात्र मानपत्र नव्हते. 1931 च्या गांधी–आयर्विन करारात सत्याग्रही सुटले. हुकूम मोडणारे शिपाई सवलतीबाहेर राहिले. ते सुटले 1941 मध्ये. 1979 मध्ये त्यांचे निधन झाले आणि टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले, ते 1994 मध्ये.