शाळेचा पट आणि आपली ज्ञातिसूची

(माकणी, तालुका लोहारा, येथील वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी 'माध्यमिक शिक्षणातील मुलींचे प्रमाण' हा विषय आमच्याकडे सोपविला, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. विषय आकड्यांचा असल्याने तो रुक्ष वाटण्याचा संभव आहे; परंतु ज्या आकड्यांत आपल्याच घरच्या मुली आहेत, ते रुक्ष कसे म्हणावेत?

पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली आणि पुढे हुजूरपागा या नावाने प्रसिद्ध झालेले मुलींचे हायस्कूल त्याच शहरी १८८४ साली सुरू झाले. आपला मराठवाडा त्या वेळी निजामी अंमलाखाली होता. सरकारी माध्यमिक शिक्षण पुढे उर्दूतून चाले व मराठी घरातील मुलास ते दूरचे वाटे. मग मुलीची गोष्टच नको. अशा दिवसांत, आज आपल्याच लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परगा गावी १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थांनी तेथे अध्यापन केले. विद्येची तळमळ या मातीस नवी नाही, हे सांगण्यापुरता हा उल्लेख. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ साली आपण मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आलो. खेडोपाडी माध्यमिक शाळा पोहोचल्या, त्या मुख्यत्वे त्यानंतरच.

आता देशाचा हिशेब पाहू. १९५०-५१ साली प्राथमिक शाळेच्या पटावरील दर शंभर विद्यार्थ्यांत मुली २८ होत्या. सहावी ते आठवीत १६ आणि नववीपासून पुढे अवघ्या १३. जिना चढताना पायरीपायरीवर मुली गळत होत्या. नववीपुढील हेच प्रमाण १९७०-७१ साली २५ आणि १९९०-९१ साली ३३ झाले. २०००-०१ साली प्राथमिक शाळेत मुली सुमारे ४४, तर नववीपुढे सुमारे ३९ होत्या. म्हणजे वर्गात मुली वाढल्या एवढेच नव्हे, तर खालच्या व वरच्या पायरीतील अंतरही पंधरावरून पाचावर आले. २०२१-२२ साली प्राथमिकपासून उच्च माध्यमिकपर्यंत मिळून देशात सुमारे २५ कोटी ५७ लाख विद्यार्थी होते व त्यांत मुली सुमारे १२ कोटी २९ लाख, म्हणजे शेकडा ४८ होत्या. दोन पिढ्यांत झालेला हा पालट सामान्य नव्हे.

तथापि शेकडेवारीवर विसंबून स्वस्थ बसता येत नाही. माकणीकरांस हे अधिक सांगणे नको. निम्न तेरणा धरणात शेकडा किती साठा झाला हे कळले, तरी आपल्या शेतास पाणी आले की नाही ते बांधावर जाऊनच पाहावे लागते. पटाचेही तसेच आहे. ऊसतोडीस निघालेल्या कुटुंबाबरोबर मुलगा आणि मुलगी दोघेही शाळेतून गेले, तर मुलींचे प्रमाण जेथल्या तेथे राहते. वर्ग मात्र रिकामा होतो. दुसरे असे की, जन्मासच मुली कमी आल्या तर शंभरांत पन्नास मुली यावयाच्या कोठून? २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात केवळ ८०७. त्या हिशेबाने बीडमध्ये एकूण एक मूल शाळेत आले, तरी मुलींचे प्रमाण पंचेचाळिसापर्यंतही पोहोचत नाही. जी मुलगी जन्मासच येऊ दिली नाही, तिची नोंद कोणत्याही पटावर सापडत नाही.

शाळा आहे, फी नाही. बारावीपर्यंत मुलींचे शिक्षण शासनाने १९८० च्या दशकातच निःशुल्क केले. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेखाली खेड्यातील मुलींना एस.टी.चा पास मोफत मिळतो. मग अडते कोठे? अडते ते उंबरठ्याशी. १९७८ पासून मुलीच्या विवाहाचे किमान वय १८ आहे आणि २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा अधिक कडक आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा सुमारे २२ जणींचे लग्न अठरापूर्वी झालेले आढळले. बीडमध्ये शेकडा सुमारे ४४ जणींचे. बारावी संपते तेव्हा मुलगी अठराव्या वर्षाच्या आसपास येते. शाळेचा पट आणि कायदा एकाच उंबरठ्यावर भेटतात. त्यापूर्वी जी लग्नाच्या बोहल्यावर चढते, ती बहुधा पटावरून उतरते.

येथेच ज्ञातिसंस्थेचे कर्तव्य सुरू होते. शाळा उघडणे हे शासनाचे काम खरे. पण कोणाच्या घरी मुलगी वाढते आहे, हे शासनाआधी आपणांस ठाऊक असते. विवाहेच्छूंची सूची जी संस्था ठेवते, तिने विद्यार्थिनींचीही सूची ठेवावी. त्यासाठी आम्ही तीन सूचना करतो.

पहिली, सातवी पार केलेल्या प्रत्येक मुलीचे नाव, इयत्ता व शाळा ज्ञातिसूचीत नोंदवावी. दर जूनमध्ये ती नोंद पडताळावी आणि नाव गळालेले दिसल्यास दोन वडीलधाऱ्या भगिनींनी त्या घरी जाऊन आपुलकीने विचारपूस करावी. दुसरी, हंगामास बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबातील मुलीस गावी राहणाऱ्या नातलगाने वा ज्ञातिबांधवाने तेवढे महिने आपल्या घरी ठेवून घ्यावे. एका पाहुण्या लेकीच्या दोन भाकरी कोणत्याही घरास जड नाहीत. तिसरी, जन्मतारखेचा पुरावा पाहून अठरा पूर्ण झाल्यावाचून कोणत्याही मुलीचे नाव वधूवरसूचीत घेऊ नये आणि दहावीच्या यशाबद्दलच्या पारितोषिकाचा अर्धा भाग तिने अकरावीत नाव घातल्यावर द्यावा.

या सूचनांस मोठा निधी लागत नाही. एक वही लागते आणि ती नेमाने पाहणारी माणसे लागतात. ती वही आजच्या संमेलनातच उघडली जावी आणि पहिली नावे येथे बसलेल्या आईबापांनी स्वतः सांगावीत, एवढी विनंती आहे.