रॉकेट परत येतं, उचल फिटत नाही

(युवकांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण)



मागच्या बैठकीत मी या विषयाचं नाव काढलं तेव्हा आपला एक कार्यकर्ता उठून म्हणाला, "वस्तीतल्या नळाला पाणी नाही आणि तुम्ही मंगळाच्या गप्पा मारता?" काहीजण हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आज मी त्याचंच उत्तर द्यायला उभा आहे. माझं म्हणणं एवढंच, की चंद्र-मंगळाचा प्रश्न हाही पाण्याचाच प्रश्न आहे. पाणी कोणाचं, वाट कोणाची आणि वेशीबाहेर कोण राहणार, हाच तो जुना प्रश्न. फक्त त्याचा पत्ता बदललाय.

आधी विज्ञान समजून घेऊ. शिव्या नंतर देऊ.

रॉकेट म्हणजे एकावर एक ठेवलेले इंधनाचे टप्पे. खालचा टप्पा वरच्याला उंच नेऊन सोडतो आणि खाली पडतो. कितीतरी वर्षं हे टप्पे समुद्रात बुडत होते. उद्या एसटी नागपूरला पोचली की तिला भंगारात काढायचं ठरवलं, तर तिकीट किती पडेल? आकाशाचं भाडं तसंच होतं. खर्च इंधनाचा नव्हता, फेकून देण्याचा होता. अमेरिकन सरकारचं स्पेस शटल 1981 ते 2011 पर्यंत उडालं. त्याचा मोठा भाग पुन्हा वापरात यायचा, पण दुरुस्तीवरच इतका खर्च व्हायचा की भाडं काही उतरलं नाही.

मग खाजगी कंपन्या आल्या. इलॉन मस्कची स्पेसएक्स 2002 सालची, जेफ बेझोसची ब्लू ओरिजिन 2000 सालची. स्पेसएक्सच्या फाल्कन 9 रॉकेटच्या खालच्या टप्प्याला नऊ इंजिनं असतात. वरचा टप्पा सुटला की खालचा हवेत वळतो, काही इंजिनं पुन्हा पेटवून वेग मारतो, जाळीदार पंखांनी तोल सांभाळतो आणि पाय पसरून उभाच्या उभा उतरतो. 21 डिसेंबर 2015 रोजी तो पहिल्यांदा असा उतरला. 30 मार्च 2017 रोजी एकदा उडालेला टप्पा दुसऱ्यांदा उडाला. त्यानंतर काही टप्पे तीस-तीस वेळा उडाले. मंगळासाठी बांधलेल्या स्टारशिपचा तेहतीस इंजिनांचा टप्पा 13 ऑक्टोबर 2024 रोजी खाली आला आणि मनोऱ्याच्या दोन लोखंडी हातांनी तो वरच्यावर झेलला. नोव्हेंबर 2025 मध्ये ब्लू ओरिजिनच्या न्यू ग्लेनने नासाची दोन यानं मंगळाकडे सोडली आणि त्याचाही टप्पा समुद्रातल्या तराफ्यावर उतरला.

मित्रांनो, हा चमत्कार नाही. यात देव नाही, मुहूर्त नाही, नारळ नाही. यात गणित आहे, धातूचं ज्ञान आहे आणि हजारो कामगारांचे हात आहेत. आम्ही बुद्धाचं आणि बाबासाहेबांचं नाव घेणारी माणसं. आम्ही विज्ञानावर थुंकणार नाही. रॉकेट उभं उतरताना बघून माझ्याही अंगावर काटा आला, हे मी लपवत नाही.

पण काटा आला म्हणून मी डोळे मिटणार नाही. पहिला प्रश्न : पैसा कोणाचा?

वर्तमानपत्रं सांगतात, एका माणसाच्या डोक्याची ही करामत. खोटं आहे. 2008 साली स्पेसएक्स बुडायच्या काठावर होती. तिच्या छोट्या रॉकेटची पहिली तीन उड्डाणं फसली होती, चौथं जमलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नासाने तिला 160 कोटी डॉलरचं माल पोचवण्याचं कंत्राट दिलं. 2014 साली अंतराळवीर नेण्यासाठी 260 कोटी, 2021 साली चंद्रावर माणूस उतरवण्यासाठी 289 कोटी. ब्लू ओरिजिनला 2023 साली याच चंद्राच्या कामाचे 340 कोटी. हा पैसा अमेरिकन जनतेच्या कराचा. शाळेत झाडू मारणाऱ्या काळ्या बाईचासुद्धा त्यात वाटा आहे.

आता गंमत बघा. आमच्या पोराला राखीव जागा मिळाली की ती भीक. अब्जाधीशाला सरकारी तिजोरी मिळाली की ती गुणवत्ता! अमेरिकेत 1965 साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने हुकूम काढला होता की, सरकारी कंत्राट घेणाऱ्या कंपन्यांनी भरतीत वंशभेद करू नये आणि तो मोडून काढण्यासाठी स्वतःहून पावलं उचलावीत. 21 जानेवारी 2025 रोजी ट्रम्पने तो हुकूम रद्द केला. कंत्राटं चालू राहिली, अट गेली. गुणवत्तेचा अर्थ यापेक्षा सोपा करून कोण सांगणार?

दुसरा प्रश्न : जमीन कोणाची?

स्पेसएक्सची ती पहिली छोटी रॉकेटं उडाली प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवरून, क्वाजालीन प्रवाळवलयातल्या ओमेलेक नावाच्या बेटावरून. अमेरिकेने 1946 ते 1958 या काळात 67 अणुस्फोट केले ते याच मार्शल बेटांच्या देशात. पुढे क्वाजालीनला अमेरिकन लष्कराचा क्षेपणास्त्र तळ बसला आणि आसपासच्या बेटांवरच्या लोकांना उचलून इबाय नावाच्या बेटावर कोंबलं. जेमतेम ऐंशी एकरांचं बेट, त्यावर हजारो माणसं. सकाळी इबायचे लोक बोटीने तळावर कामाला जातात. साफसफाई करतात, रांधतात, माल वाहतात. काम संपलं की पुन्हा बोटीत बसून इबायला यायचं. तळावर वस्ती करायची नाही.

हे ऐकून तुम्हाला काय आठवलं, ते मी सांगायची गरज नाही. काम गावात आणि मुक्काम गावकुसाबाहेर. मंगळाकडे निघालेल्या पहिल्या रॉकेटची सावली महारवाड्यावर पडली होती. फक्त त्या महारवाड्याचं नाव इबाय होतं.

नंतर कंपनी टेक्सासच्या टोकाला गेली, बोका चिका समुद्रकिनाऱ्यावर. बाजूचं ब्राऊन्सव्हिल गाव मेक्सिकन वंशाच्या गरीब कष्टकऱ्यांचं. कारिझो-कोमेक्रुडो नावाचे आदिवासी या किनाऱ्याला आपल्या पूर्वजांची भूमी मानतात. पण दिल्लीसारखंच वॉशिंग्टन! त्यांना आदिवासी म्हणून केंद्र सरकारची मान्यताच नाही. किनाऱ्यावर जाण्याचा हक्क टेक्सासच्या लोकांनी 2009 साली मतदान करून राज्यघटनेत घातला. 2013 साली विधिमंडळाने कायदा केला की, रॉकेटसाठी किनारा बंद ठेवता येईल. 20 एप्रिल 2023 रोजी स्टारशिपच्या पहिल्या उड्डाणात खालचा काँक्रीटचा ओटाच फुटला, तुकडे दूरवर उडाले आणि मैलोगणती धूळ बसली. 3 मे 2025 रोजी तिथल्या मतदारांनी 212 विरुद्ध 6 मतांनी 'स्टारबेस' नावाचं नवं शहर स्थापन केलं. मतदार बहुतेक कंपनीचे नोकर नाहीतर त्यांच्या घरचे, महापौर कंपनीचाच अधिकारी. पाटीलही तोच, तलाठीही तोच आणि सावकारही तोच. मंगळावर गाव कसं वसवतील, याचा नमुना त्यांनी पृथ्वीवरच करून दाखवलाय.

तिसरा प्रश्न पाण्याचा. चंद्राच्या ध्रुवांजवळ अशी विवरं आहेत की त्यांच्या तळाशी कधी ऊन पोचत नाही. तिथे बर्फ आहे. चंद्रावर पाणी असल्याचा मोठा पुरावा 2009 साली जाहीर झाला, तो आपल्या चांद्रयान-1 वरच्या उपकरणाने दिलेला. पाणी फोडलं की हायड्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे श्वास आणि इंधन. ज्याचं पाणी त्याचा चंद्र. मंगळावरही तेच. तिथल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि जमिनीतलं पाणी यांतून परतीचं इंधन बनवायचं, असा बेत आहे.

1967 सालचा आंतरराष्ट्रीय करार म्हणतो, अंतराळ सगळ्या मानवजातीचं आहे, कोणत्याही राष्ट्राने त्यावर मालकी सांगू नये. फार सुंदर! मग 2015 साली अमेरिकेने कायदा केला की, अमेरिकन माणसाने वरून काढलेलं पाणी किंवा खनिज त्याच्या मालकीचं. म्हणजे तळं सगळ्यांचं, पण घागर ज्याच्याकडे त्याचं पाणी. 2020 साली आर्टेमिस करार आला. त्यात आपापल्या कामाभोवती 'सुरक्षा क्षेत्र' आखायची सोय आहे. भारताने 2023 साली त्यावर सही केली. स्पेसएक्सने तर आपल्या इंटरनेट सेवेच्या अटींतच लिहून टाकलं की, मंगळ हा स्वतंत्र ग्रह असून पृथ्वीवरच्या कोणत्याही सरकारची सत्ता तिथे चालणार नाही. ग्राहकाने सही केली की मंगळ गेला!

मित्रांनो, कागदावरचा हक्क म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवू नये. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत, हा बोलेंचा ठराव 1923 सालचा. महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव 1924 सालचा. तळं कागदावर खुलं होतं, ओंजळ मात्र कोरडी होती. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब पायऱ्या उतरले तेव्हा ते तळं खऱ्या अर्थाने सार्वजनिक झालं. आज चंद्राचं पाणी 1924 च्या अवस्थेत आहे. कागदावर सगळ्यांचं. आणि तिथे पोचायची वाट दोन-तीन शेठजींच्या हातात.

आता शेवटचा आणि माझ्या जिवाला लागलेला प्रश्न. मंगळावर राबणार कोण?

जानेवारी 2020 मध्ये मस्कने जाहीरपणे लिहिलं की, ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला मंगळावर जायला कर्ज मिळेल आणि तिथे कामं भरपूर असतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पोटात गोळा आला. कारण माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. दसऱ्याच्या आधी मुकादम उचल द्यायचा. नवराबायको मिळून एक कोयता. आजारी पडलं की खाडा आणि खाड्याचे पैसे उचलीवर चढायचे. पट्टा पडला तरी उचल फिटलेली नसायची, म्हणून पुढच्या साली पुन्हा त्याच फडात. पण रात्री-बेरात्री पोरं काखेला मारून पळून जायची वाट तरी होती. काहीजण गेलेही.

मंगळावरून पळून कुठे जाणार? पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी येतात ते साधारण 26 महिन्यांतून एकदा. प्रवासच सहा ते नऊ महिन्यांचा. हवा कंपनीच्या टाकीतली, पाणी कंपनीचं, परतीचं रॉकेट कंपनीचं आणि अंगावर कंपनीची उचल. तिथे संप म्हणजे श्वास बंद. वेठबिगारी बंद करणारा कायदा आपल्याकडे 1976 साली झाला. मंगळावर तो कोण लागू करणार? रॉकेट परत आणण्यासाठी या लोकांनी वीस वर्षं डोकं लढवलं, कारण रॉकेट फेकलं तर मालकाचं नुकसान होतं. माणूस फेकला तर कोणाचं नुकसान होतं?

अजून एकही माणूस मंगळावर उतरलेला नाही. म्हणूनच आज बोललं पाहिजे. गाव वसल्यावर वेस हलवणं किती जड जातं, ते आपल्या पिढ्यांना विचारा.

जुलै 1969 मध्ये अपोलो 11 उडायच्या आदल्या दिवशी राल्फ अॅबरनॅथी गरीब काळ्या लोकांना आणि खेचरांच्या गाड्या घेऊन केप केनेडीच्या दारात गेला. त्याने अंतराळवीरांचा अपमान केला नाही. त्यांचं कौतुक केलं आणि विचारलं, चंद्रावर जाणारा देश भुकेल्याच्या ताटापर्यंत का जात नाही? ब्लॅक पँथरही त्याच काळातली. तिचं नाव घेऊनच 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तेव्हा हा वारसा आपलाही आहे. रॉकेटपुढे हात जोडायचे नाहीत आणि रॉकेटवर दगडही मारायचे नाहीत. दारात उभं राहून हिशेब मागायचा.

आपल्या देशातही 2020 पासून अंतराळाचं क्षेत्र खाजगी कंपन्यांना उघडलं आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये श्रीहरिकोट्याहून पहिलं खाजगी रॉकेट उडालं. सरकारी नोकरीत राखीव जागा आहेत, खाजगी कंपनीला ते बंधन नाही. काम जसजसं तिकडे सरकेल तसतशी आपल्या पोरांची दारं गुपचूप बंद होतील. म्हणून मागणी साधी आहे. जी कंपनी सरकारी पैसा, सरकारी तळ आणि सरकारी ज्ञान वापरते तिने राखीव जागा द्याव्यात. आणि चंद्राच्या पाण्याबद्दल भारत सरकार जगात काय बोलतं, याचा जाब आपणही विचारावा.

त्या कार्यकर्त्याला माझं उत्तर असं : नळाचा मोर्चा उद्याच काढू, मी पुढे असेन. पण मोर्च्यातल्या पोरांपैकी दोघांनी तरी भौतिकशास्त्र शिकलं पाहिजे. नाहीतर उद्या वरच्या तळ्यावरही पाटी लागेल आणि ती कोणत्या भाषेत लिहिली आहे, हेही आपल्याला वाचता येणार नाही.

जयभीम.