बिल्ला आणि हक्क
(गागोदे बुद्रुक येथे दिलेले भाषण)



‘टोकनिझम’ हा शब्द हल्ली आपल्या तरुणांच्या तोंडी ऐकू येतो. शब्द परका असला तरी टोकन परके नाही. बँकेत पूर्वी पितळी बिल्ला मिळे. बिल्ला हाती आला म्हणजे पैसे मिळाले, असे कोणी समजत नसे. समाजात मात्र बिल्ला देऊन हक्कच दिल्याचे भासविले जाते. हाच टोकनिझम, आपल्या भाषेत नावापुरता मान.

याचा धडा आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, मिळाला. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलाने १९२३ साली संमत केला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. परंतु ते कागदावर! जोवर आपला माणूस पाण्याला गेला नाही, तोवर ठराव सुखाने नांदला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीने प्राशन केले. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. पुढे १९३७ साली उच्च न्यायालयाने आपला हक्क मान्य केला.

यातून कसोटी हाती येते. जे न वापरण्याच्या अटीवर दिले जाते, तो बिल्ला. जे वापरल्यावरही टिकते, तो हक्क. १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीत अनुसूचित जातींना व स्त्रियांना राखीव जागा मिळाल्या. त्या जागेवरील आपली भगिनी दप्तर वाचते काय? अयोग्य ठरावाला ‘नाही’ म्हणते काय? की दुसऱ्याने दाखविलेल्या ठिकाणी केवळ सही करते?

हाच प्रश्न आपण स्वतःलाही विचारला पाहिजे. विहाराच्या समितीत एका उपासिकेचे नाव लिहावयाचे आणि बैठकीला बोलवावयाचे नाही, हा आपल्या घरचा टोकनिझम होय. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा भिंतीवर टांगून लग्नाला मुहूर्त पाहणे, हाही तोच.

म्हणून मिळालेला प्रत्येक हक्क वापरा. तळ्याचे पाणी ठरावाने नव्हे, ओंजळीने आपले झाले.

जय भीम! नमो बुद्धाय!