बंद लिफाफा आणि राजसत्ता



सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं मी एका खेडेगांवच्या शाळेंत शिक्षक असतां वसतिगृहाची देखरेखही मजकडे होती. मुलें घरीं जीं पत्रें धाडीत, तीं शिस्तीच्या नांवाखालीं मी आधीं वाचून पाहत असें. थोड्याच दिवसांत प्रत्येक पत्रांत "मी खुशाल आहें" एवढाच मजकूर येऊं लागला. एक मुलगा आठवडाभर तापानें अंथरुणास खिळला होता. त्याच्याही पत्रांत तेंच वाक्य! त्या दिवसापासून मीं पत्रें वाचणें सोडलें.

आज पत्राची जागा ईमेलनें घेतली आहे. तें उघडून पाहण्याचा अधिकार २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमानें सरकारास दिलेला आहे. देशाचें संरक्षण, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याचा तपास इत्यादि कारणांसाठीं गृहसचिवानें लेखी हुकूम द्यावा. तो एका वेळीं ६० दिवस व एकूण १८० दिवसांहून अधिक चालूं नये, असें २००९ चे नियम सांगतात. डिसेंबर २०१८ मध्यें केंद्र सरकारनें दहा यंत्रणांना या कामीं अधिकृत केलें.

घातपात्यांचे कट उघडकीस आणूं नयेत, असें कोण म्हणेल? प्रश्न इतकाच कीं, हुकूम योग्य कीं अयोग्य हें पाहणार कोण? हुकूम देणारा सचिव, आणि त्याची फेरतपासणी करणाऱ्या समितींतही सचिवच! न्यायाधीश त्यांत एकही नाहीं. ज्याचें पत्र वाचलें गेलें त्यास तें कळविण्याचें बंधनही नाहीं. मग त्यानें दाद मागावी कशी?

ऑगस्ट २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०१९ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें लाचेच्या एका प्रकरणांत टेलिफोन ऐकण्याचे तीन हुकूम रद्द केले. १८८५ च्या तार कायद्याप्रमाणें सार्वजनिक आणीबाणी वा सुरक्षितता हें कारण अवश्य होतें, आणि तें तेथें नव्हतें. ईमेलच्या कलमांत ही अट घातलेलीच नाहीं.

म्हणून पत्र उघडण्यापूर्वीं न्यायाधीशाची संमति घ्यावी, व तपास संपल्यावर संबंधितास कळवावें, एवढेंच मागणें आहे.

सज्जनास लपविण्यासारखें काय असतें, असें पुष्कळ जण विचारतात. माझ्या त्या विद्यार्थ्यापाशीं तरी लपविण्याजोगें काय होतें? परंतु पत्रावर परकी नजर आहे हें जाणून तो स्वतःच्या आईसही आपला ताप सांगेनासा झाला.