दोऱ्याने मोजलेलं अंतर
(स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



मला विषय दिलाय, "अमेरिका किती लांब आहे ते सांग." हसू नका. याचं उत्तर मला आपल्याच शाळेत मिळालं होतं.

आठवीत भूगोलाच्या बाईंनी मला भिंतीवरच्या नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क रेघ दाखवायला सांगितली. मी पट्टी लावली. अरबस्तान, इजिप्त, सहारा, मग अटलांटिक. बाईंनी कपाटातून पृथ्वीगोल काढला आणि शिवणाचा दोरा दोन्ही शहरांवर ताणून धरायला लावला. दोरा सरकत पार उत्तरेला गेला. मध्य आशिया, रशिया, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक! "गोल पृथ्वीवर जवळची वाट अशी असते," बाई म्हणाल्या. तेव्हा मला ते काही पटलं नाही.

नोकरीसाठी तिकडे गेलो तेव्हा हिशेब केला. दोऱ्याच्या वाटेनं साधारण 12,500 किलोमीटर. माझ्या पट्टीच्या वाटेनं त्याहून दीड हजारावर जास्त. विमान तंतोतंत दोऱ्यावरून जात नाही. कुठल्या देशाचं आकाश बंद असतं, कुठे वारा आडवा येतो. ताशी 900 किलोमीटर धरले तर 14 तास व्हायला हवेत, पण जाताना 16च्या आसपास लागतात आणि येताना तास-दोन तास कमी. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. तो जाताना अडवतो, घरी येताना ढकलतो.

घड्याळाची गंमत वेगळीच. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. मुंबईहून रात्री एकला निघून 16 तासांनी उतरलं, तरी तिथे त्याच दिवशीचे सकाळचे साडेसहा! उन्हाळ्यात हा फरक साडेनऊ तासांचा होतो. आमच्या अण्णांनी माझ्यासाठी घरात दुसरं घड्याळ लावलं होतं. मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये त्याचा काटा ते स्वतः तासभर सरकवायचे. एकदाही चुकले नाहीत.

एका जानेवारीत रात्री आठला, म्हणजे इथल्या सकाळी साडेसहाला, फोन आला. अण्णा गेले. थेट विमानात जागा नव्हती. युरोपात विमान बदलून, मुंबईहून गाडीनं, दारापासून दारापर्यंत 31 तास लागले. "माझ्यासाठी थांबू नका," असं मीच फोनवर सांगितलं होतं.

त्या 31 तासांत आमच्या घरी आपल्या 'ब' तुकडीचे तिघं होते. लाकडांची व्यवस्था त्यांनी केली, खांदा त्यांनी दिला, आईला दोन घास त्यांनी भरवले. ते इथेच बसलेत. नाव घेशील तर बघ, असं मला बजावलंय, म्हणून घेत नाही. त्यांच्या घरापासून आमचं घर सायकलवर सात मिनिटं.

बाई, तुमचा दोरा बरोबर होता. अमेरिका 12,500 किलोमीटरच आहे. त्या रात्री मात्र मला ते सात मिनिटांचं अंतर कामी आलं.

अण्णांचं घड्याळ आईने काढू दिलेलं नाही. मार्च-नोव्हेंबरमध्ये त्या तिघांपैकी एक जण येतो, स्टुलावर चढतो, काटा सरकवतो आणि चहा पिऊन जातो.