अंड्याची पोळी आणि घाई

अंड्याची पोळी करायला कसली आली आहे विद्या, असे मी पुष्कळ वर्षे मानीत होतो. माझा हा भ्रम एका सकाळी फिटला. पत्नी आठवडाभर तापाने अंथरुणाला खिळली होती. त्या दिवशी ताप उतरला आणि तिने आपण होऊन खायला मागितले. मी मोठ्या उत्साहाने आच वाढविली, अंडी फोडली आणि तव्यावर ओतली. दोन मिनिटांत पोळी खालून काळी झाली. वरून ती कच्चीच होती. पत्नीने ती निमूटपणे खाल्ली. तिने नावे ठेवली असती, तर मला इतकी लाज वाटली नसती.

पुढे इटलीतील ‘फ्रित्ताता’ या पदार्थाची ओळख झाली, आणि माझे कोठे चुकले ते उमगले. फ्रेंच आम्लेट मोठ्या आचेवर क्षणात होते. ते आतून मऊ ठेवून दुमडतात. फ्रित्तातेचा धर्म वेगळा. ती मंद आचेवर आतपर्यंत शिजते आणि सपाटच राहते. गंमत अशी की, इटालियन माणूस सकाळी बहुधा कॉफी आणि काहीतरी गोड घेतो. फ्रित्ताता तो दुपारी, रात्री किंवा सहलीच्या शिदोरीत खातो. न्याहारीच्या पंक्तीला तिला बसविले ते बाहेरच्यांनी.

दोन माणसांपुरती कृती सांगतो. एक कांदा पातळ चिरून दोन चमचे तेलात मंद आचेवर मऊ करावा. आदल्या रात्रीचा उकडलेला बटाटा किंवा पालेभाजी उरली असेल, तर तीही घालावी. नेपल्समध्ये तर उरलेल्या पास्त्याचीही फ्रित्ताता करतात. मग ४ अंडी, मीठ, मिरपूड आणि दोन चमचे किसलेले चीज एकत्र करावे. पेल्लेग्रीनो आर्तूसी यांनी १८९१ साली स्वखर्चाने प्रसिद्ध केलेल्या पाकशास्त्राच्या ग्रंथात, अंडी फार फेटू नयेत अशी सूचना आहे. पांढरा भाग आणि बलक एकजीव झाले की थांबावे. मिश्रण जाड बुडाच्या फ्रायपॅनमध्ये ओतावे आणि आच मंदच ठेवावी. सात-आठ मिनिटांत कडा घट्ट होतात, मध्यभाग जेमतेम ओला राहतो. तेव्हा वर ताटली पालथी घालून सारे धीराने उलटे करावे आणि पोळी पुन्हा भांड्यात सरकवावी. आणखी दोन मिनिटे पुरेत. सारे काम वीसएक मिनिटांचे. झटपट होणे वेगळे आणि उतावीळपणे उरकणे वेगळे, हे ही पोळी शिकविते.

इटालियन भाषेत ‘फ्रित्ताता झाली’ म्हणजे व्हायचे ते नुकसान होऊन गेले. आणि ‘फ्रित्ताता उलटविणे’ म्हणजे गोष्ट आपल्या सोयीने फिरविणे. त्या सकाळी पहिल्या अर्थाने माझी फ्रित्ताता झाली होती, आणि शेगडीला दोष देऊन ती दुसऱ्या अर्थाने उलटविण्याचा यत्नही मी केला होता. पुढे एकदा ती खरोखरीच जमली. पत्नीपुढे ताटली ठेवली. पहिला घास घेऊन तिने विचारले, “तुमच्यासाठी ठेवलीत ना?”

घाईच्या पोळीला हा प्रश्न लाभला नव्हता.